हातात भरलं पाहिजे

माझ्या पहिल्या पगारातून घेतलेला फोन त्यांनी तळहातावर ठेवला, डोळे मिटले, डाव्या हातातून उजव्यात घेतला, पुन्हा डाव्यात घेतला आणि कुणी विचारलेलं नसताना निकाल देऊन टाकला.

"हलका हाये म्याडम. फसवलं तुमाले."

मी कारंज्याला शाळेत नोकरीला लागले होते आणि या काकांच्या घरातली मागची खोली भाड्यानं बघायला गेले होते. खोली राहिली बाजूला, चर्चा माझ्या फोनवरच रंगली. मी म्हटलं, काका, चांगले फोन हलकेच असतात.

"पैसे त जड देल्ले ना तुमी? मंग वस्तू काहून हलकी?"

याला उत्तर आहे, पण ते ऐकून घेणारा माणूस समोर नव्हता. मग त्यांनी गाव विचारलं. इंझोरी, म्हटलं. आडनाव विचारलं. सांगितलं आणि सवयीनं जरा थांबले. आम्ही बौद्ध. आडनाव सांगून झाल्यावर थांबायचं असतं हे आमच्याकडच्या पोरींना कुणी शिकवावं लागत नाही, कारण 'खोली त कालच गेली' हे वाक्य बहुतेक वेळा तिथंच येतं. काका म्हणाले, "पान्याची मोटर टायमावर बंद करशान ना? मंग आना सामान." एवढीच अट. हा त्यांचा मोठेपणा मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रागानं सांगणार आहे.

काकांचा मळा गावाला लागूनच होता. वांगी, मेथी, कोबी, सांबार म्हणजे कोथिंबीर. वाडवडलांपासून भाजीपाल्यात हात घातलेला माणूस. कोबीचा गड्डा उचलला की तो आत किती भरलाय आणि किती पोकळ आहे हे त्यांचा हात सांगायचा, आणि तो हात चुकल्याचं मी कधी पाहिलं नाही. लिंबू जड तर रसाचं, टरबूज जड तर गराचं, कांदा हलका तर आतून गेलेला. "हातात भरलं पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इथवर ठीक होतं. पण माणसाला एका जागी अक्कल आली की तो ती सगळीकडे लावत सुटतो. काकांनी कोबीचा कायदा विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूला लावला होता, मग तो रेडिओ असो, इस्त्री असो की मोबाईल.

गल्लीत कुणाला फोन घ्यायचा असला की काकांना सोबत न्यायचे. भाव पाडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. दुकानात गेल्यावर ते एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन फोन काढायला लावत. दुकानदार म्हणायचा, काका, दोन्ही सारखेच आहेत. काका म्हणायचे, "दोन कोबी सारखे असते का?" मग दोन हातांवर दोन फोन ठेवून डोळे मिटायचे. जो त्यांना जड वाटेल तो घ्यायचा. त्याची पाठ अंगठ्यानं दाबून बघायची, चार्जर नाकाशी नेऊन हुंगायचा. मागची गिऱ्हाइकं हसायची. काकांना त्याचं सुखदुःख नव्हतं.

आणि जायचं ते दिवेलागणीलाच. सकाळी नाही, दुपारी तर नाहीच. "बजार उठाच्या टायमाले भाव पडते," हे दुसरं ठरलेलं वाक्य. दुकानदारानं एकदा वैतागून विचारलं, "काका, हा काय पालक आहे का, रात्रीतून सडायला?"

"नवीन मॉडेल आलं का हा सडतेच ना?"

काकांनी तिथल्या बाकावर बैठक मारली, पानाची पिशवी काढली आणि शटर अर्धं खाली येईपर्यंत हलले नाहीत. शेवटी त्या माणसानं पीडा टळावी म्हणून फोनवर एक कव्हर आणि काच फुकट दिली. झालं, काकांचा सिद्धांत पक्का झाला. माझं म्हणणं असं की असल्या माणसाला कधी एखादी सवलत मिळूच नये. एकदा मिळाली की तो पुढं आयुष्यभर जगाला छळतो.

मलाही छळलं. उन्हाळ्यात लाइटचा भरवसा नसायचा आणि शाळेची सगळी माहिती मोबाईलवरून भरावी लागायची, म्हणून मला पॉवर बँक घ्यायची होती. मी दुकानातली एक चांगली पसंत केली होती. काकांनी ती हातावर घेतली आणि तोंड वाकडं केलं. आठवडी बाजारात ताडपत्रीवर माल मांडून बसलेल्या एका माणसाकडे मला ओढत नेलं. तिथं तशीच दिसणारी पॉवर बँक होती. किंमत निम्म्याहून कमी आणि हाताला चांगली दगडासारखी. काकांचा चेहरा खुलला. "हे पाहा! याले म्हनते माल." चार लोकांत वाद नको म्हणून मी घेतली.

तिच्यानं माझा फोन एकदाही पुरता चार्ज झाला नाही. थोड्याच दिवसांत ती फुगली. मी ती काकांच्या समोर नेऊन ठेवली आणि म्हटलं, उघडा. त्यांनी पेचकस घेऊन उघडली. आत अंगठ्याएवढी एक बॅटरी होती आणि उरलेल्या जागेत लोखंडाची पट्टी चिकटवलेली होती. नुसती पट्टी. वजनासाठी.

काकांनी पट्टी उपसून काढली, हातावर घेतली, तिचा अंदाज घेतला. मला वाटलं, आता तरी हा माणूस शरमेल.

"लोखंड त असली हाये," ते म्हणाले.

मी हसले नाही. गल्लीत ही गोष्ट सगळ्यांनी हसून हसून सांगितली, मीही पुढं सांगितली, पण त्या क्षणी मला नुसता संताप आला होता. कुठंतरी कुणीतरी खुर्चीत बसून विचार केला असणार, की गरीब माणूस वस्तू कशी पारखतो? हातानं. जन्मभर धान्य, भाजी, सरपण उचलून त्याच्या हाताला जे कळतं त्यावर तो विश्वास ठेवतो. मग त्या हातालाच फसवू या. बॅटरी महाग, लोखंड स्वस्त. ज्या शहाणपणावर या माणसानं घर चालवलं, त्याचाच गळफास करून त्याच्या गळ्यात घातला होता. आणि हा शहाणा त्यातलं लोखंड किती चांगलं ते मला सांगत होता.

आमच्या घरी याच्या उलट चालायचं. माझे बाबा पाटबंधारे खात्यात शिपाई होते. पगार बेताचा, पण घरात येणारी वस्तू अव्वल दर्जाचीच असायची. टीव्ही घ्यायला आम्हाला शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी उशीर झाला, आणि आला तो दुकानातला सगळ्यात चांगला. आई चिडायची. बाबा म्हणायचे, "आपल्या बापजाद्यानं लोकाचं उतरलेलं घातलं, उरलेलं खाल्लं. आता पैसे मोजून बी उतरलेलंच घ्याचं का?" मला लहानपणी ही बढाई वाटायची. त्यामुळे काकांच्या स्वस्ताईचा मला राग यायचा तो नुसता पैशाचा नव्हता. स्वस्तात घ्यायची हौस ज्यांना कधी कमअस्सल दिलं गेलं नाही त्यांना परवडते, असं मला वाटायचं. तसं मी काकांना सुनावलंही होतं. ते म्हणाले, "तुमचे बाबा नोकरीवाले. आमी मातीवाले."

पण तेही खरं नव्हतं. कारण काकांच्या मळ्यातली मोटर उत्तम होती. फवारणीचा बॅटरीवरचा पंप तर असा घेतला होता की तालुक्यातले लोक बघायला यायचे. त्या पंपासाठी ते दिवेलागणीपर्यंत थांबले नव्हते. भरदुपारी जाऊन, दुकानदार सांगेल तो भाव देऊन आले होते. मी विचारलं तर म्हणाले, "पिकाचं काम हाये म्याडम. थ्याच्यात कंजुशी करून कसं भागन?"

आता काकूंकडे येते. राग खरा तिथला आहे.

काकू म्हणजे त्यांची बायको. मळ्यातली भाजी बाजारात बसून विकायचं काम तिचं. मी राहायला गेले तेव्हा ती बाजारातली सगळ्यात गाजलेली बाई होती. "ये वो माय, वांगे पाय कसे चमकून राह्यले, तोंड पाहून घे त्याच्यात!" असं ओरडायची. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या पोराचं जमलं, सगळं तिला ठाऊक. गिऱ्हाईक भाजीसाठी कमी आणि बोलायला जास्त यायचं, आणि बोलून झाल्यावर लाजेनं पावशेर जास्त न्यायचं.

मग तिला कमी ऐकू यायला लागलं. आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. खाली वाकून मेथीच्या जुड्या लावत असताना कुणी भाव विचारला तर ती उत्तर द्यायची नाही, आणि गिऱ्हाईक पुढच्या ढिगाकडे जायचं. काही बाया उगीच म्हणायच्या, "अवो, तूच त इतक्याले म्हनली," आणि कमी पैसे टेकवून निघायच्या. काकू भांडायची नाही, कारण आपण काय म्हटलं होतं आणि समोरच्यानं काय ऐकलं याची तिचीच खात्री राहिली नव्हती. ती सगळ्याला हसून 'हो हो' म्हणायला लागली. टोपली अर्धी भरलेली परत यायला लागली. एक दिवस काकांनी सांगून टाकलं, आता घरी बस. पहाटेच सगळा माल अडत्याकडे जायला लागला. ज्या बाईनं सबंध बाजार गाजवला ती ओट्यावर बसून लसूण सोलायला लागली, आणि आठवड्या-पंधरवड्यात तिचं बोलणंही आटलं.

काकांनी उपाय केला. अगदी त्यांच्या पद्धतीनं. मोबाईलवर जाहिरात बघून कानाची मशीन मागवली, एकावर एक फुकट. छातीशी अडकवायचा डबा आणि त्यातून कानात जाणारी वायर. डबा चांगला जड होता. काकू मान हलवायची आणि ती मशीन कुकरसारखी शिट्टी मारायची. माणसाचा आवाज जेवढा वाढायचा तेवढाच भांड्याचा, मोटारसायकलचा, कुत्र्याचा वाढायचा. तिचं डोकं ठणकायला लागलं, कानातून पाणी येऊ लागलं. तिनं ती काढून ठेवली तर काका गल्लीभर सांगत फिरले, "मशीन आनून देली, पन इले किंमत नाही." फुकटची दुसरी त्यांनी जपून ठेवली होती, पहिली बिघडली तर असावी म्हणून.

मी एक दिवस पंपाकडे बोट दाखवून विचारलं, "हा चांगला घेतला, मग ती अशी का घेतली?"

"हे पिकाचं काम."

"आणि ते?"

"थे त घरातलं."

त्या दिवशी माझ्या डोक्यात लखलखीत उजेड पडला. हा माणूस स्वस्त बघत नव्हता की महाग बघत नव्हता. वस्तू कुणासाठी आहे ते बघत होता, आणि ते एकदा ठरलं की मग वजन, भाव, दर्जा ही सगळी नंतर काढलेली निमित्तं होती. आपण सगळेच असं करत असू. पण म्हणून मला त्यांचा राग कमी आला नाही.

काकूला अकोल्याच्या कानाच्या दवाखान्यात न्यायला काका तयार व्हावेत म्हणून मी तिच्या कानांची बाजू मांडलीच नाही. मी अडत्याची मांडली. म्हटलं, अडत्या काय भाव देतो आणि काकू बाजारात काय मिळवायची, तुम्हीच बघा. काका लगेच तयार झाले. एसटीत बसल्यावरही माझा जीव जळत होता, की बायकोला ऐकू यावं यासाठी या माणसाला वांग्याचा भाव सांगावा लागला.

अकोल्याच्या त्या दवाखान्यात कान तपासणारी एक मुलगी होती. तिनं काकूला काचेच्या खोलीत बसवून तपासलं, मग कानामागं एक छोटीशी मशीन बसवली, संगणकावर काही जुळवलं आणि हळू आवाजात विचारलं, "आजी, जेवून आलात का?" काकू म्हणाली, "भाकर बांधून आनली." आणि एकदम चपापली. कारण मुलीनं ओरडून विचारलं नव्हतं. मग काकू आपल्या लुगड्याचा पदर बोटांनी चोळत राहिली. त्याचा आवाज होतो हे ती विसरली होती.

मुलीनं किंमत सांगितली. काकांनी तसलीच दुसरी मशीन मागून घेतली, तळहातावर ठेवली आणि डोळे मिटले. मग उघडले. हातावर काही आहे की नाही हे बघण्यासाठी त्यांना खरंच डोळे उघडावे लागले.

"याच्यात काई त नाही," ते म्हणाले. "तुरीचा दाना याच्याहून जड लागते."

मी काहीतरी बोलणार होते. पण काका माझ्याकडे वळून बोलायला लागले होते, मोकळेपणानं, नेहमीच्या आवाजात. गेली काही वर्षं काकूबद्दल जे बोलायचं ते तिच्यासमोरच बोलायची त्यांना सवय झाली होती. भिंतीसमोर बोलावं तसं.

"खरं सांगतो म्याडम. इले आता आयकून काय करा लागते? कोनती सभा गाजवाची हाये? म्हातारी झाली, आज हाये त उद्या नाही. अशा मानसावर इतका पैसा कोन लावते? मानूस बैल बी दात पाहून घेते."

त्या मुलीनं मान खाली घातली. काकांना अजून कळलं नव्हतं.

काकू म्हणाली, "मी आयकून राह्यली."

हळूच म्हणाली. काका तिच्याकडे वळले. इतका घाबरलेला माणूस मी नंतर पाहिलेला नाही.

"दात पाह्याचे असन त इकडे तोंड करून पाहा ना," ती म्हणाली. "पाठीमांगून कायले मोजता?"

मग तिनं स्वतःच्या हातानं मशीन काढली, त्या मुलीच्या हातात दिली आणि म्हणाली, "घे माय. इतकं आयकलं, बस झालं." एसटीत ती खिडकीशी बसली. काका दोन सीट मागं बसले. मी कुठंच बसले नाही; बसायला जागा असून मूर्तिजापूरपर्यंत उभी राहिले, कारण दोघांपैकी कुणाच्याही शेजारी मला बसता आलं नसतं.

पुढच्याच आठवड्यात काका एकटे अकोल्याला गेले आणि ती मशीन घेऊन आले. दिवेलागणीपर्यंत थांबले नाहीत, सकाळच्या गाडीनं गेले. त्यांनी भाव केला नाही, असं त्या मुलीनं मला नंतर फोनवर सांगितलं. घरी येऊन त्यांनी डबी काकूच्या मांडीवर ठेवली. काकूनं ती उघडली, बघितली, बंद केली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली, टोपली भरली, कानाला मशीन लावली आणि बाजारात जाऊन आपल्या जुन्या जागेवर बसली. त्या जागेवर दुसरीच बाई बसायला लागली होती. तिला कसं उठवलं ते बाजारातल्या सगळ्यांनी ऐकलं म्हणतात.

बाजार पुन्हा तिचा झाला. आवाज तोच, भांडण तेच. ज्या बाया 'तूच त इतक्याले म्हनली' म्हणत होत्या त्या आता दुसरीकडून भाजी घ्यायला लागल्या. मी रोज शाळेतून येताना तिच्याकडून मेथी घ्यायचे, लागत नसली तरी.

पण संध्याकाळी घरी परतली की काकू फाटकाशी थांबायची. टोपली खाली ठेवायची, मशीन कानावरून काढायची, डबीत घालायची, डबी कमरेला खोचायची, आणि मग आत यायची. रोज. सणावारीसुद्धा. घरात तिनं ती एकदाही लावली नाही. काका तिला काही सांगायला जायचे. ती त्यांच्याकडे बघायची, ओठ हलताना दिसायचे, आणि ती हसून 'हो हो' म्हणून चुलीकडे वळायची. बाहेर ऐकू येणारी बाई घरात बहिरी होती, आणि ते तिनं ठरवलेलं होतं.

काका वाळले. एक दिवस माझ्या दाराशी आले.

"म्याडम, तुमी सांगा ना तिले. घरात बी लावत जाय म्हना. इतक्या पैशाची वस्तू डब्बीत पडून राह्यते."

अजून पैसेच. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी विचारलं, "तुम्हाला तिच्याशी काय बोलायचंय ते तरी सांगा."

त्यांनी चौकटीवरची धूळ बोटानं पुसली. "काई नाही," म्हणाले. "असंच."

मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. मी म्हटलं, "मी नाही सांगणार. तिला बाजारात ऐकू येतं. तुम्ही बाजारात जा."

ते जातील असं मला वाटलं नव्हतं. पण दोन-तीन दिवसांनी मी मेथी घ्यायला गेले तर काका धुतलेलं धोतर, टोपी अशा थाटात काकूच्या ढिगासमोर उभे होते. गिऱ्हाइकांच्या रांगेत. त्यांची पाळी आली. त्यांनी खाली वाकून एक वांगं उचललं, ते हातात तसंच धरून ठेवलं आणि तिच्याकडे तोंड करून फार हळू आवाजात काहीतरी बोलले. मी जवळच होते, तरी मला ऐकू आलं नाही. बाजाराच्या त्या गोंगाटात ते फक्त तिलाच ऐकू गेलं असणार. काकूचा हात तागडीवर थांबला. तिनं त्यांच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं.

"घ्याचं असन त घ्या," ती म्हणाली, "मांगं गिऱ्हाईक उभं हाये."